मुठीतला जीव

आधी हात आला.

डोकं यायचं तिथं हात आला, तेव्हा माबिलमावशी हसून म्हणाली, "अगं बाई, हा पाहुणा तर दार ठोठावतोय!" मावशी त्या गल्लीची सुईण. तिनं अर्धी गल्ली जगात आणलेली, म्हणून तिच्या हसण्याचा सगळ्या बाळंतिणींना आधार. पण ते हसू तिच्या ओठांवरच वाळलं. तिनं हात आत सरकवून पाहिला, पोट चोळून पाहिलं, आमेलिनला कुशीवर वळवलं, पाठीवर वळवलं. हात आत जाई आणि पुन्हा बाहेर येई. दुपार कलली तशी त्या इवल्या बोटांची टोकं निळी पडत चालली.

मग मावशीनं चुलीवरचं कोमट पाणी घेतलं आणि त्या हातावर ओतलं. ओततानाचे शब्द चर्चचे फादरच प्रत्येक सुइणीकडून पाठ करून घेत, वेळ पडली तर असावेत म्हणून. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते. मुलगा की मुलगी ते कळायला वाव नव्हता, म्हणून नाव घेतलं नाही, नुसतं 'तुला'.

"धरलं!" मावशी एकदम ओरडली. "आमेलिन, ह्यानं माझं बोट धरलं गं! घट्ट धरलंय!"

आमेलिनला काही दिसलं नाही. तिनं फक्त ते 'धरलं' ऐकलं. बाकीचं अंग जगात येईपर्यंत त्यात काही उरलं नव्हतं. मुलगी होती. डोक्यावर दाट काळं जावळ होतं.

संध्याकाळी फादर गोतिए आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"पाणी डोक्यावर घातलं का?"

"डोकं आलंच नव्हतं, फादर. हात आला होता, हातावर घातलं," मावशी म्हणाली. "आणि हात जिवंत होता."

"मग बाप्तिस्मा झाला नाही. हात म्हणजे माणूस नव्हे, बाई. उद्या कुणाच्या केसाला पाणी लावून सांगशील, झाला ख्रिस्ती."

"केस बोट धरत नाही, फादर."

फादरना ते आवडलं नाही. मावशीला ईस्टरपर्यंत कुणाच्या बाळंतपणाला हात लावायची मनाई झाली. बाप्तिस्मा नसलेलं पोर दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं जायचं, आणि बाप्तिस्मा नसलेलं पोर देवाचं तोंड कधी बघत नाही, हे आमेलिनला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. आपण मेल्यावर पलीकडे गेलो तरी ही तिथं नसणार. कुठंतरी कडेला, ना उजेडात ना काळोखात, एकटीच मूठ मिटून.

"भिंतीच्या आत पवित्र माती, भिंतीच्या बाहेर नुसती माती," फादर म्हणाले. आवाज कठोर नव्हता, तेच जास्त लागलं. "हा नियम मी केला नाही. तू मला विचारू नकोस, मी वर विचारत नाही. भिंत सांगते ते ऐकायचं."

आमेलिनचा नवरा तिएरी चर्मपत्रं करायचा. चौकटीवर कातडं ताणून अर्धचंद्री सुरीनं खरवडत बसणारा, अबोल माणूस. दफनभूमीच्या भिंतीचा एकेक तुकडा एकेका घराकडे राखायला दिलेला असतो. तिएरीच्या वाट्याचा तुकडा खंदकाच्या बाजूला होता. त्यानं त्याच तुकड्याला बाहेरून लागून खड्डा खणला. "आपल्या भिंतीशी तरी असेल," एवढंच म्हणाला. तिकडे डुकरं हिंडतात, म्हणून कारखान्यातला कातडी दाबायचा सगळ्यांत जड दगड त्यानं खांद्यावर वाहून नेला आणि वर ठेवला.

*

द्राक्षांचा हंगाम संपला, गल्लीत पुन्हा पेंढ्याचा वास भरला. सीन नदीच्या डाव्या काठावरच्या त्या गल्ल्यांतून सगळ्या शाळाच शाळा. विद्यार्थी जमिनीवर पेंढा पसरून बसत आणि मास्तर वरच्या चौथऱ्यावरून बोलत. आमेलिनच्या माडीवर असेच चौघेजण राहायचे. ती त्यांचं रांधायची, त्यांच्या झग्यांना ठिगळं लावायची, आणि तुळयांच्या फटींतून खाली गळणारं त्यांचं लॅटिन वर्षानुवर्षं ऐकायची. अर्थ कळत नसे. वरच्या मजल्यावरच्या जात्याची घरघर ऐकावी तसं ऐकायची.

काम करताना ती गुणगुणायची. तिच्या आईनं तिला झुलवताना म्हटलेलं गाणं होतं. बाळासाठी राखून ठेवलेलं ते गाणं ती आता बाळ नसताना म्हणत होती:

*इवलीशी मूठ, मुठीत गं काय?*
*धरलेली माय, सोडवेना.*

एका तिन्हीसांजेला ती पाव कापत होती. लांबेर जिना उतरून चुलीपाशी शेकायला बसला. लिएजकडचा, हाडकुळा, शाईनं नखं काळी झालेली. माडीवरच्यांत सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत हुशार तोच. पुढच्या वर्षी त्याला स्वतः शिकवायचा परवाना मिळायचा होता. तो डोळे मिटून एकच वाक्य घोटत होता.

"काय ते सारखं लिबेत, लिबेत?" आमेलिन म्हणाली. "पोपट पाळल्यासारखं वाटतंय मला."

"मालकीणबाई, सभा आलीय जवळ. ओदों मास्तरांनी ह्या खेपेला उत्तरं द्यायला मला बसवलंय. आत्म्यावर कुणी ना कुणी विचारणारच." त्यानं हात शेकले. "आत्मा सगळ्या शरीरात सगळा असतो, आणि शरीराच्या कुठल्याही भागातही सगळाच असतो. क्वालिबेत म्हणजे कुठल्याही."

"असं कसं? सगळा इथं, तर तिथं कुठनं येणार?"

लांबेर खुलला. समजावून सांगायला मिळालं की त्याची भूक हरपायची. "तुमच्या हातातला तो पाव बघा. कापलात की ह्याला कोपरा, त्याला मधला भाग. आत्मा म्हणजे पाव नव्हे. पायाच्या करंगळीला अर्धा तुकडा आणि डोक्याला मोठा, असं नसतं. करंगळीत काटा गेला तर कोण ओरडतं? करंगळी? तुम्ही ओरडता. पुऱ्याच्या पुऱ्या तुम्ही. कारण करंगळीत तुम्ही पुऱ्याच असता."

आमेलिनच्या हातातली सुरी पावात तशीच राहिली.

"आणि हातात?"

"हातातही. कुठल्याही..." तो बोलता बोलता थांबला. त्याचे डोळे उघडले. चुलीत लाकूड तडकलं. हे घर कुठलं आहे आणि ह्या घरात काय झालं, ते त्याला आत्ता आठवलं.

"मग माझी मुलगी त्या हातात सगळी होती," आमेलिन म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मावशीनं पाणी हातावर घातलं ते सगळ्या तिच्यावर पडलं. अरे लांबेर, तिचा जीव तिच्या मुठीत होता."

"मालकीणबाई... मी शाळेचं बोलत होतो."

"मीपण तेच बोलतेय. तुम्ही आत्मा म्हणा, आम्ही जीव म्हणतो. एकच ना ते?"

लांबेरनं चुलीत एक लाकूड सरकवलं. "ह्या बाबतीत एकच," तो म्हणाला.

*

रविवारी प्रार्थना संपल्यावर तिनं फादरना चर्चच्या पायरीवर गाठलं. तिएरी मागं टोपी हातात घेऊन उभा होता.

"फादर, जीव हातात सगळा असतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तुमचेच लोक. माझ्या माडीवर बसून."

फादर गोतिए हसले. "अगं, ते शाळेतले. ते रोज सकाळी आभाळ उसवतात आणि रोज संध्याकाळी शिवतात. त्यांना मढी पुरायची नसतात, मला असतात. शाळेतलं शाळेत ठेव." मग तिएरीकडे वळून म्हणाले, "आणि तुमच्या वाट्याची भिंत, तिएरी! पावसानं ढासळून गेलीय. परवा डुक्कर थेट आत येऊन सावकारणीच्या थडग्यावर लोळत होतं. नाताळच्या आत भिंत उभी राहिली पाहिजे. सांगून ठेवतो."

"बांधतो, फादर," तिएरी म्हणाला.

"शाळेतलं शाळेत," आमेलिन घरी येईपर्यंत स्वतःशी म्हणत राहिली. दारात आल्यावर तिनं बूट झटकले. "बरं तर. शाळेतच जाते."

त्या सभेचं नाव क्वोलिबेत. नाताळच्या आधीच्या उपासाच्या आठवड्यांत ती भरते. त्या दिवशी मास्तरांना कुणीही, काहीही विचारावं असा रिवाज. लांबेर घोटायचा त्या 'क्वालिबेत'चंच हे दुसरं रूप; 'कुणीही' आणि 'काहीही' दोन्ही त्यात मावतं. आमेलिननं आधी माडीवरच्यांना विनवलं. लांबेर उत्तरं देणाऱ्याच्या बाकावर, त्याला विचारता येणार नव्हतं. दुसऱ्याला फादर गोतिए मामा लागत. तिसरा म्हणाला, प्रश्न चांगला आहे पण फार ओला आहे, शाळेत कोरडे प्रश्न विचारतात. नॉर्मंडीचा रेनो, जो मटाराच्या कालवणाची तिसरी वाटी कधी नाकारत नसे, तो म्हणाला, "मालकीणबाई, मी विचारलं असतं. पण सभेच्या दिवशी मला खोकला असतो."

"आत्ता नाहीय."

"येईल," रेनो दुःखानं म्हणाला.

"मग मीच विचारते," आमेलिन म्हणाली.

 लांबेर उठला. "मालकीणबाई, 'कुणीही' याचा अर्थ तसा..."

"कसा?"

"म्हणजे शिकलेल्यांपैकी कुणीही."

"मग तसं म्हणायचं होतं. शब्द तुमचा आहे, मी दिलेला नाही." ती कढई घासायला वळली. पाठमोरीच म्हणाली, "तू मला थांबवणार आहेस का, लांबेर?"

लांबेरनं राखेचं भांडं तिच्याजवळ सरकवलं. 

*

सभेला पेंढा लागतो, आणि पेंढा बायकाच वाहून आणतात. आमेलिन आणि माबिलमावशी एकेक भारा डोक्यावर घेऊन आत शिरल्या, भारे सोडले, भिंतीकडेनं पसरत पसरत पुढं सरकल्या आणि खांबाआड थांबल्या. दोन बायका थांबल्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या आल्यात हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

चौथऱ्यावर ओदों मास्तर. म्हातारे, थंडीनं नाक लाल झालेलं, गुडघ्यांवर लोकरीची घोंगडी. खाली बाकावर लांबेर, कागदासारखा पांढरा. प्रश्न येत होते. देवदूताला कंटाळा येऊ शकतो का? मेलेला नवरा चमत्कारानं उठून आला आणि बायकोनं दुसरं लग्न केलेलं असलं, तर ती कुणाची? ह्यावर मागच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "आधी तिला विचारा," आणि पेंढ्यात हशा लोळला. लांबेर एकेक उत्तर देत होता. त्याचा आवाज हळूहळू स्थिर झाला.

"आणखी कुणी?" मास्तर म्हणाले.

"मी," आमेलिन म्हणाली, आणि खांबाआडून पुढं आली.

 कुणीतरी शीळ घातली. चांदीच्या मुठीची काठी घेऊन चोपदार धावत आला. "ए बाई! पेंढा टाकलास ना? चल, निघ."

"निघते. विचारून निघते."

"ही सभा पंडितांची आहे, बाई," मास्तर वरून म्हणाले. ते तिच्याच भाषेत बोलले. चौथऱ्यावरून ती भाषा किती दिवसांनी उतरली असेल कोण जाणे.

"सभेचं नाव काय, मास्तर?"

मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "क्वोलिबेत."

"म्हणजे कुणीही काहीही. मी काहीतरी विचारणार आहे, म्हणजे 'काहीही'त बसते. आणि मी कुणीतरी आहेच की! माझ्या आईला विचारा."

पेंढ्यात पुन्हा हशा पिकला, पण ह्या वेळी त्याचा सूर निराळा होता. चोपदारानं तिचा दंड धरला. माबिलमावशीनं चोपदाराचा दंड धरला. "सोड तिला, रोबँ. तुझ्या आईनं तुला जन्म दिला तेव्हा तू उलटा आला होतास, अजून तसाच आहेस."

"'कुणीही' म्हणजे पंडितांपैकी कुणीही," मास्तर म्हणाले.

आमेलिननं दंड सोडवून घेतला.  ती म्हणाली, "मग तुमच्या आत्म्याच्या वाक्यातही तसंच आहे का? आत्मा कुठल्याही भागात सगळा, क्वालिबेत. मी रांधता रांधता ऐकलंय. म्हणजे कुठल्याही मानाच्या भागात का? डोक्यात सगळा, आणि हाताला उरलंसुरलं? शब्द एकच आहे, मास्तर. दाराशी त्याला कात्री लावणार असाल तर आत्म्यालाही लावा. नाहीतर दोन्हीकडे तो पुरा राहू दे."

आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्यातून, पेंढ्यात टाचा आपटू लागल्या. शाळेतली पोरं खूश झाली की टाळ्या वाजवत नाहीत, पाय आपटतात. धूळ उठली. रेनो खोकत होता, आणि खोकताना सगळ्यांत जोरात पाय आपटत होता.

"प्रश्न काय आहे?" मास्तर म्हणाले.

तिनं सांगितलं. हात आला, पाणी घातलं, शब्द म्हटले, बोट धरलं. भिंतीच्या बाहेर डुकरं हिंडतात. "मला एवढंच सांगा. माझ्या पोरीचा बाप्तिस्मा झाला की नाही?"

टाचा थांबल्या. मास्तरांनी घोंगडी नीट केली. मग त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं कुठल्याच रिवाजात बसत नव्हतं, "हात उजवा की डावा?"

"उजवा," मावशी म्हणाली. "हे बोट धरलं होतं. हे."

"अंगाची नुसती हालचाल असेल ती. मासाही तडफडतो."

"मी जन्मभर मासे साफ केलेत, मास्तर. एकानंही माझं बोट धरलं नाही."

"लांबेर," मास्तर म्हातारपणाच्या सगळ्या थकव्यानं म्हणाले, "खाली बस. ह्या प्रश्नाला उत्तर देण्याचं तुझ्यावर बंधन नाही. पुढच्या वर्षी तुझा परवाना आहे, ते लक्षात असू दे."

तेव्हा आमेलिनला दिसलं की लांबेर उभा आहे. कधी उठला ते तिला कळलं नव्हतं. काळी नखं बाकाच्या काठात रुतलेली.

"प्रश्न विचारला गेला, मास्तर. सगळ्यांनी ऐकला. ऐकलेला प्रश्न न ऐकलेला होत नाही." तो लॅटिनमध्ये बोलू लागला, ओघानं, न अडखळता, आणि मधे मधे तिच्याकडे वळून तिच्या भाषेत सांगू लागला. आत्मा तुकड्यानं येत नाही. जिथं तो आहे तिथं सगळा आहे. आपण आज सकाळपासून हेच म्हणत आलो. ते खरं असेल तर त्या हातात एक माणूस होतं, पुरतं माणूस, आणि पाणी त्या माणसाला लागलं. ते खोटं असेल, तर आपण सगळ्यांनी पेंढा गोळा करून घरी जावं.

तो बसला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. रागावलेत की काय करतायत, ते आमेलिनला उमगेना.

"निर्णय उद्या," मास्तर म्हणाले.

*

निर्णयाच्या दिवशी चोपदारानं दारात दोन माणसं उभी केली. पेंढा बायकांकडून बाहेरच उतरवून घेतला. आमेलिन रस्त्यापलीकडे, गोठलेल्या नाल्याच्या कडेला उभी राहिली. शाल आवळून मावशी शेजारी उभी. आतून काही ऐकू येत नव्हतं.

लांबेर बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. तो भराभर चालत आला आणि श्वास न घेता बोलू लागला.

"मास्तर म्हणाले, आत्मा हातात सगळा होता. जो हे नाकारील त्यानं शाळेत येऊ नये. चक्क म्हणाले!"

आमेलिननं मावशीचा हात धरला.

"पण पुढं म्हणाले, पाणी हाताला लागलं ते आत्म्यापर्यंत पोचलं का, ह्यावर थोरामोठ्यांत दुमत आहे. शंका आहे. आणि मूल जिवंत नाही, म्हणून शंका फेडायला पुन्हा पाणी घालता येत नाही. शंकेचं देव बघेल."

"म्हणजे?"

"म्हणजे मूल आहे तिथंच राहील. कुणी ते हलवू नये. आत आणू नये, दूरही नेऊ नये."

 नाल्यावरच्या बर्फाखाली पाणी वाहत होतं, त्याचा आवाज येत होता. इतकं चालून आलो ते ह्यासाठी. सगळे म्हणाले ती सगळी होती, आणि सगळे म्हणाले ती बाहेर.

"आणि तुझं रे?" मावशीनं लांबेरला विचारलं.

"माझा परवाना पुढं ढकललाय. किती पुढं ते सांगितलं नाही." तो हसला. त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखं हसला. "मला वाटलं होतं फार वाईट वाटेल."

आमेलिन एकदम वळली. "लांबेर, मूल हलवू नये म्हणाले ना? नीट आठवून सांग. भिंतीबद्दल काय म्हणाले?"

"भिंत? भिंतीचा प्रश्नच नव्हता."

"भिंत हलवू नये, असं म्हणाले?"

 लांबेर वळून शाळेच्या दाराकडे बघू लागला. "नाही," तो सावकाश म्हणाला. "मूल हलवू नये, एवढंच. आणि मालकीणबाई, ओदों मास्तर शब्द विसरत नसतात."

*

तिएरीनं जुन्या भिंतीचे ढासळलेले दगड वेचून काढले, खंदकातून आणखी आणले. पाया आखायला त्यानं दोरी ताणली नाही. आमेलिन बाहेर त्या जड दगडापलीकडे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथून." तिएरीनं बायकोकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि कुदळ मारली. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

लांबेर दगड वाहत होता आणि दर दगडामागे एक बोट चेचून घेत होता. रेनो चुन्याचं घमेलं धरून उभा होता. "जड आहे," तो म्हणाला. "आणि खोकला आहे."

"कालवण आहे घरी," मावशी म्हणाली.

"तसं फार जड नाही," रेनो म्हणाला.

भिंत दोन्ही बाजूंच्या घरांच्या वाट्यापर्यंत सरळ होती. मधेच तिनं वळण घेतलं, बाहेर फुगली, दगडाला आणि त्याखालच्या मातीला कवेत घेऊन पुन्हा आत आली. ऊन निस्तेज होतं, तरी ओल्या चुन्यावर चकाकत होतं. भिंत कमरेला आली तेव्हा फादर गोतिए आले. कुणीतरी सांगितलं असणार.

"हे काय चाललंय?"

"भिंत, फादर," तिएरी म्हणाला. "तुमच्या हुकुमानं. नाताळच्या आत."

"वाकडी का? हिचं पोट निघालंय!"

"पोटुशी आहे ती," माबिलमावशी दगड बसवत म्हणाली. "मला ईस्टरपर्यंत बायकांची बाळंतपणं बंद आहेत. म्हटलं, निदान हिचं तरी करावं."

रेनोला खोकल्याची उबळ आली. फादर लाल झाले. त्यांनी भिंतीचं वळण पाहिलं, आतला दगड पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं.

"शाळेनं सांगितलंय, मूल आत आणायचं नाही!"

"आम्ही तिला हातही लावला नाही," आमेलिन म्हणाली. "ती होती तिथंच आहे."

"अशानं माती पवित्र होत नाही, आमेलिन."

"तुम्हीच म्हणालात, फादर, भिंतीच्या आत ती पवित्र. मला विचारू नकोस म्हणालात, भिंत सांगते ते ऐक म्हणालात. मी ऐकलं." तिनं ओल्या चुन्यावर तळवा टेकला. "आता ती सांगतेय. तुम्ही ऐका."

"मी ही पाडायला लावीन."

"लावा. डुकरं आत शिरतील, सावकारणीच्या अंगावर लोळतील. मग तुम्ही सांगाल, तिएरी, तुझ्या वाट्याची भिंत बांध. आम्ही बांधू. आणि दर वेळी अशीच बांधू. आम्ही मेलो की आमच्या जागी येतील ते बांधतील, कारण तोवर सगळ्यांना हीच भिंत सरळ वाटायला लागलेली असेल."

 फादर आमेलिनकडे बघत होते आणि आमेलिन त्यांच्याकडे. तिनं नजर खाली घेतली नाही. शेवटी त्यांचीच नजर त्या जड दगडाकडे गेली. थंडीनं असेल, सवयीनं असेल, त्यांचा उजवा हात छातीशी उचलला गेला, कपाळाकडे जाता जाता थांबला, आणि त्यांनी तो झग्यात खुपसला. मग ते चर्चकडे चालू लागले.

"आशीर्वाद देत होते की काय?" लांबेर कुजबुजला.

"शंका आहे," मावशी म्हणाली.

आमेलिन हसली. पोर गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, आणि त्या हसण्यातच तिला रडू फुटलं. तिनं ते पुसलं नाही. तशीच ओणवी होऊन चुना थापत राहिली. ओठांवर गाणं आपसूक आलं, फक्त शब्द थोडे सरकले होते, भिंत सरकली तसे:

*इवलीशी मूठ, भिंतीच्या गं आत,*
*धरुनिया हात मातीचा गं.*

"दगड दे रे," ती लांबेरला म्हणाली. "मोठा बघून दे. बाहेरच्या बाजूला लावायचाय."